बडोद्यातलं कापडांचं म्युझियम पुण्याला न्यावं का? उत्तर जरा लांब झालंय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं: दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात तुमच्या आजोबांच्या पिढीनं ट्रस्ट करून उभं केलेलं कापडांचं म्युझियम आहे, नऊशेच्या आसपास वस्तू, लुगडी, शालू, पगड्या, अंगरखे, मागाची थोडी अवजारं. तिकिटातून विजेचं बिलसुद्धा निघत नाही, 2024 च्या पुरात तळमजल्यात पाणी आलं होतं. आता पुण्यातल्या एका संस्थेनं एसी मजला देऊ केलाय, पाच ट्रस्टींपैकी तीन "नेऊया" म्हणतात (तुमचाही कल तिकडेच दिसतोय), दोघं "आमच्या प्रेतावरून न्या" म्हणतात, आणि बडोद्याच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फुलांआधी यावरच भांडण सुरू होतं. तुम्ही विचारलंय, न्यावं की नाही.

मी बडोद्यातच म्युझिऑलॉजी, म्हणजे म्युझियम सांभाळायचं शास्त्र, शिकले आणि गेली सत्तावीस वर्षं जुनं कापड जपायचं काम करतेय, त्यातली बरीचशी खोक्यांत भरण्यात आणि खोक्यांतून काढण्यातच गेली. त्यामुळे थेट सांगते, तुमचा प्रश्न बडोदं की पुणं हा नाहीये. या नऊशे वस्तूंबद्दलची माहिती कुठे आहे, आणि दहा वर्षांनी यांच्याकडे बघायला पगारावरचा माणूस कोण असणार, हे दोन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं मिळाली की गावाचं उत्तर बऱ्यापैकी आपोआप येतं. न मिळता निर्णय घेतलात तर दोन्हीकडे नुकसानच.

आधी भावनेचं बोलून टाकू, कारण ग्रुपवर तेच चाललंय. बडोद्याच्या माणसाला "वस्तू बाहेर चालली" म्हटलं की पोटात गोळा येतो आणि त्याला कारण आहे. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी 1860 च्या दशकात मदिनेला अर्पण करायला म्हणून करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा, तो मदिनेला कधी गेलाच नाही, राजघराण्याबरोबर मोनॅकोला गेला आणि 2009 मध्ये दोह्यात सुमारे 55 लाख डॉलरना विकला गेला. ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगितलेली असते, वर "आणि आपण बघत बसलो" हे वाक्य ठरलेलं. पण तो विकला गेला, तुमच्या वस्तू कोणी विकत नाहीये. हा फरक ग्रुपवर कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे अर्धी वाफ निघेल.

दुसऱ्या बाजूचं "इथे कोण बघतंय" हेही मला पटत नाही. विशिष्ट विषयाच्या म्युझियमला गर्दी लागतेच असं नाही. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम बघा, 1949 ला गिरणीच्या आवारात सुरू झालं, 1983 ला शाहीबागेत साराभाईंच्या घरी हललं. आधी नाव नोंदवायचं, मग मोजक्या लोकांना आत सोडणार, तरी कापडाच्या जगात त्याचं नाव कुठेही घ्या, लोक ओळखतात. म्हणजे हलवूनही टिकलं आणि गर्दी न जमवताही टिकलं. पण त्याच्या मागे एक फाउंडेशन उभं आहे, तुमच्या मागे पाच ट्रस्टी आहेत आणि त्यातले दोन सत्तरीच्या पुढचे. म्हणून कॅलिकोचं उदाहरण देऊन कोणी तुम्हाला गप्प करत असेल तर त्याला त्या उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग सांगायचा.

आता माहितीचं. हे जरा तपशिलात सांगते कारण मी हे हातानं भोगलंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ट्रस्टचा साठा (नाव घेत नाही, गुजरातबाहेरचा) एका गावातून दुसऱ्या गावी हलवायचा होता आणि पॅकिंगला मी होते. घाई होती, जागा रिकामी करून द्यायची तारीख ठरलेली. कापडं खोक्यांत, आणि प्रत्येक कापडाला स्टेपलरनं मारलेल्या चिठ्ठ्या गंजायला लागल्या होत्या म्हणून आम्ही त्या काढून वेगळ्या पाकिटांत ठेवल्या, पाकिटांवर नंबर टाकले. शहाणपणाचं वाटलं होतं तेव्हा. पोचल्यावर पाकिटांचं एक खोकं मिळेना. आजतागायत मिळालेलं नाही. चाळीस-एक साड्या त्या दिवशी बेनाम झाल्या. त्यात एक शालू होता, त्याच्या पदराजवळ हाताच्या तळव्याएवढा पिवळा डाग. नवीन जागी कामाला लागलेल्या मुलीनं फॉर्मवर लिहिलं, "नुकसान: पिवळा डाग, स्वच्छ करणे". तिची चूक नाही, फॉर्मवर रकानाच तो होता. मूळ गावातल्या एका आजींनी मला सांगितलं होतं की हा त्यांच्या सासूबाईंचा डोहाळजेवणाचा शालू आणि ओटी भरताना हळद सांडली ती ही. त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं मला. मी ते त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं! सुदैवानं मी पंधरा दिवसांनी परत गेले तेव्हा शालू अजून धुतला नव्हता. बाकीच्या एकोणचाळीसांचं काय होतं त्यांच्या चिठ्ठ्यांवर, मला आठवत नाही, आणि आता कोणालाच आठवणार नाही.

म्हणून मी सगळ्यांना आधी रजिस्टर मागते. तुमच्याकडे आवक-रजिस्टर आहे का, कोणाकडून काय आलं, कधी, दान की नुसतं ठेवायला दिलेलं. माझा अंदाज, एक जाड वही असेल, पहिली दोनशे पानं सुंदर अक्षरात आणि मग आजोबांचा हात थकल्यावर "साडी 1, जुनी" अशा नोंदी. बहुतेक ठिकाणी असंच असतं. आता या "साडी 1, जुनी"ला माहिती कुठून मिळणार? पुण्यातून नाही. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग इथल्या घरांतून, जिथे अजून ऐंशी-पंच्याऐंशीच्या बायका आहेत ज्यांना ते काठ बघून कोणाकडचं लग्न ते सांगता येतं. ही माहिती फक्त इथेच आहे आणि ती दर वर्षी कमी होतेय. इमारतीपेक्षा, एसीपेक्षा मला याची घाई जास्त वाटते.

हिशेब सांगते, घाबरू नका. दोन माणसं नीट काम करतील तर दिवसाला आठ वस्तू होतात: काढणं, फोटो, माप, अवस्था लिहिणं, नंबर सुती फितीवर लिहून दोन टाके घालणं, परत ठेवणं. नऊशे भागिले आठ, म्हणजे एकशे तेरा दिवस, आठवड्यातले चार दिवस धरले तर सात महिने. आजींकडे जायला आणखी दोन-तीन महिने धरा. म्हणजे वर्षाच्या आत. आणि दोन माणसं कुठून आणायची तर महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत 1952 पासून म्युझिऑलॉजीचं डिपार्टमेंट आहे, तुमच्या वाड्यापासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. मुलांना प्रोजेक्ट लागतातच. जाऊन भेटा. मुलं गुजराती, बंगाली कुठलीही असतील, मराठी येत नसेल तर आजींकडे जाताना घरातलं कोणीतरी बरोबर द्या, एवढंच.

आता कापडाची तब्येत, कारण "पुण्यात एसी आहे" हा तुमच्या बाजूचा हुकमाचा एक्का दिसतोय. एसी चालू किती तास असणार हे विचारलंत का? सकाळी दहा ते सहा एसी आणि रात्री बंद, असं असेल तर ते एसी नसण्यापेक्षा वाईट. रेशीम आणि सूत हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, रोज ताणायचं रोज सैल व्हायचं, पण जरीचा तार त्या वेगानं हलत नाही, मग घडीवर तो तुटतो. वाड्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, बंद लाकडी कपाट, याच्यात बाहेर बेचाळीस डिग्री असली तरी आतला बदल हळूहळू होतो, कापडाला तेच हवं असतं. मी हे जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये, डेटा लॉगर म्हणून हवेचं तापमान आणि ओलावा नोंदवत राहणारं छोटं यंत्र मिळतं काही हजारांत, ते दोन्हीकडे एक वर्ष ठेवा आणि आकडे शेजारी शेजारी लावून बघा. मोठं बोलणाऱ्या संस्थेनं लॉगर ठेवायला का-कू केलं तर तेही एक उत्तरच आहे.

पण वाड्याची बाजू घेऊन गप्प बसता येत नाही. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट आणि पाणी 35 च्या वर गेलं, तुमच्या तळमजल्यात आलं म्हणजे पुढच्या वेळीही येणार, 2019 ला 31 जुलैचा पाऊसही विसरू नका. नदीबरोबर मगरी येतात त्या वेगळ्याच (आमच्या सोसायटीत लोक आधी व्हिडिओ काढतात, मग वॉचमनला बोलावतात). तळमजल्यावर आजही कापड असेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर आधी ते वर हलवा, पुण्याचं नंतर बघू. आणि पुण्याला पूर येत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला पानशेत, 1961, एवढंच सांगा.

शिवाय कुठलं कापड प्रवास करू शकतं हेही आधी बघावं लागतं. तुमच्याकडे जुन्या चंद्रकळा, म्हणजे काळ्या साड्या, असणारच. हिरडा आणि लोखंड वापरून केलेला काळा रंग कापडाला आतून खातो. मी एकदा एक चंद्रकळा उचलली, लाल काठ ठणठणीत, आणि मधला काळा भाग माझ्या तळहातावर जळक्या पिठासारखा उतरला. अक्षरशः फुंकर मारली तर उडेल असा. असली साडी साडेपाचशे किलोमीटर ट्रकमधून जाऊच शकत नाही, उत्तम पॅकिंग केलं तरी पोचेल ती काठ आणि भुगा. म्हणजे "सगळं न्यायचं" हा पर्याय खरं तर तुमच्याकडे नाहीच आहे, फक्त तुम्हाला ते अजून माहीत नाही. बाकीची चांगल्या अवस्थेतली, ती जातील, पण घड्या घालून नाही, जाड नळीवर धुऊन खळ काढलेलं मांजरपाट गुंडाळायचं आणि त्यावर साडी, जरीची बाजू बाहेर. डांबराच्या गोळ्या अजून टाकत असाल तर बंद करा, आणि पावसाळ्यात पेट्या उघडू नका, हे गुंडाळायचं-पॅकिंगचं काम नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच.

कायद्याचं पटकन. ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्ट स्थापन केला तेव्हाचा दस्त, काढा आणि उद्देशाच्या कलमात "बडोदे शहरात" असे शब्द आहेत का ते बघा. असतील तर तीन विरुद्ध दोन मतांनी काही होत नाही, चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसची पायरी चढावी लागेल, वकील लागेल. अमेरिकेत बार्न्स म्हणून एका चित्रसंग्रहाचं असंच झालं, संस्थापकानं लिहून ठेवलं होतं की काही हलवायचं नाही, पैसे संपले, कोर्टात वर्षानुवर्षं गेली, शेवटी 2012 ला फिलाडेल्फिया शहरात नेला, पण आतल्या खोल्या जशाच्या तशा, चित्रं त्याच जागी टांगून. तुमचा ट्रस्ट लहान आहे पण भांडण त्याच जातीचं आहे. दुसरं, हस्तिदंती फण्या-डब्या असतील तर त्या वन्यजीव कायद्यात येतात, मालकीचा दाखला आणि राज्याबाहेर नेताना वनखात्याला कळवणं, हे वाटेत चेकनाक्यावर आठवून उपयोग नाही. तिसरं, शंभर वर्षांपेक्षा जुनी चित्रं किंवा मूर्ती साठ्यात असतील तर 1972 च्या कायद्याखाली त्यांची नोंदणी बघा, ताबा बदलला की नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. आणि जी लुगडी लोकांनी "तुमच्याकडे ठेवा" म्हणून दिली, दान म्हणून नाही, ती तुमची नाहीतच, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय वाड्याच्या उंबऱ्याबाहेर काढू नका. यावरून मी सख्ख्या नात्यांत बोलणं बंद झालेलं बघितलंय.

आता "दहाव्या वर्षी कोण" हा प्रश्न. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इंग्लंडमधल्या फुटबॉल म्युझियमनं, कापडाशी काही संबंध नाही तरी सांगते. ते 2001 ला प्रेस्टन नावाच्या गावात सुरू झालं, तिथल्या क्लबच्या मैदानातच, आणि तो क्लब म्हणजे इंग्लंडच्या लीगचा पहिला विजेता, म्हणजे जागा विषयाला चिकटलेली होती. पैशाची ओढाताण सुरू झाली, शेजारच्या मोठ्या मँचेस्टरच्या नगरपालिकेनं दरवर्षी पैसे द्यायची तयारी दाखवली, 2010 ला प्रेस्टनचं बंद झालं आणि 2012 ला मँचेस्टरला मधोमध काचेच्या मोठ्या इमारतीत उघडलं. प्रेस्टनवाले चिडले, अजून चिडलेले आहेत म्हणतात. लोक वाढले हे खरं. पण सुरुवातीला प्रवेश सगळ्यांना फुकट होता आणि 2019 पासून मँचेस्टरबाहेरच्यांना तिकीट लागलं, प्रेस्टनच्या पोरांनाही. नवीन गाव आज काय देतंय ते कागदावर किती वर्षांसाठी देतंय, हे बघायचं ते यासाठी.

आणि एक गोष्ट, एकदा हललेली वस्तू दुसऱ्यांदा हलवायला कोणाला काही वाटत नाही. इंग्लंडमधलाच रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचा संग्रह बाथहून ब्रॅडफर्डला गेला आणि 2016 ला जाहीर झालं की चार लाखांच्या घरातल्या वस्तू आता लंडनला नेणार. ब्रॅडफर्डनं आरडाओरडा केला, त्यांनी तो जिवापाड सांभाळला होता. पण बाथकडून आला होता ना, मग पुढे जायलाही तो मोकळाच. पुण्यातली संस्था उद्या दुसऱ्या मोठ्या संस्थेत विलीन झाली तर तुमची लुगडी कुठे असतील याचा विचार करा. पुण्यातलंच केळकर म्युझियम बघा, दिनकर केळकरांनी ते 1975 ला महाराष्ट्र सरकारला दिलं, म्हणजे पगाराची जबाबदारी कोणावर तरी कायमची पडली. तुम्हाला एसी मजला देणारी संस्था पगाराची जबाबदारी घेतेय का? तुमच्या प्रश्नात मजल्याचे चौरस फूट आहेत, एसी आहे, उद्घाटनाला कोण येणार तेही आहे, पण क्युरेटर, साधा एक पगारी माणूस, तो कुठेच दिसला नाही मला.

माझं मत विचारलंत तर, आणि मी बाहेरून बोलतेय, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, हे लक्षात ठेवून: पहिलं वर्ष नोंदणीला द्या, त्या काळात कोणाला "हो" म्हणू नका आणि "नाही"ही म्हणू नका. वर्षानंतर साठ्याचे तीन ढीग पडतील. एक, जे हलूच शकत नाही. दोन, ज्याचं बडोद्याबाहेर फारसं काही होत नाही, उदाहरणार्थ इथल्या पगड्या बांधायच्या पद्धती, दरबारी पोशाख, इथल्या घरांची लग्नाची लुगडी. तीन, पैठण्या, चंद्रकळा-इरकलींतल्या चांगल्या अवस्थेतल्या, ज्यांचं विणकाम महाराष्ट्रातलं-कर्नाटकातलं आणि ज्या पुण्यात जास्त लोक समजून बघतील. तिसरा ढीग पुण्याला द्या, पण दान नाही, पाच वर्षांच्या मुदतीच्या कराराने, मालकी ट्रस्टची, लेबलवर बडोद्याचं नाव, करारात पगारी माणसाची अट, आणि परत आणायचा खर्च कोण करणार हे आधीच लिहिलेलं. हे शेवटचं वाक्य सगळे विसरतात आणि मग साडेपाचशे किलोमीटरचा विम्यासकट ट्रक कोणाला परवडत नाही म्हणून वस्तू तिथेच राहते.

तुमच्या विरोधातल्या दोन ट्रस्टींना हे पटेल का? एकाला पटेल असं वाटतं, जो पाण्याबद्दल बोलतोय तो. दुसरा जो "बडोद्याची अस्मिता" म्हणतोय त्याला विचारा की तो शेवटचा वाड्यात कधी आला होता. मी हे खवचटपणे म्हणत नाहीये, बरं थोडं म्हणतेय. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची, ही तर भिंतीला धरून आहेत, कोणी नेऊ शकत नाही, तरी आपल्यातल्या किती जणांनी ती पाहिलीत? न हलवणं म्हणजे सांभाळणं नाही. त्याला नोंदणीच्या कामात घ्या, आजींकडे जाणारा माणूस म्हणून तोच पाठवा. अस्मितावाल्यांना घराघरांत ओळख असते, आणि शेव-उसळ खाऊन चार घरं फिरायला त्याला आवडेलही.

तर सध्या एवढंच करा: तळमजल्याचं वर, डीडची झेरॉक्स, आणि रजिस्टरची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं फोटो काढून मला इथेच टाका. नाव-पत्ते झाकून. नंबर कसे दिलेत ते बघितलं की सात महिन्यांचं काम आहे का दीड वर्षाचं ते सांगते.